डाव्या पायाची आणेवारी

आमच्या घरी नळाला मीटर नव्हतं, कारण नळाला पाणीच नव्हतं. पण त्या वर्षी सायकलीला मीटर आलं.

पडेगावात तेव्हा जिकडंतिकडं नव्या इमारती उठत होत्या आणि राहायला आलेला माणूस आधी टँकरची वेळ विचारायचा, मग शेजाऱ्याचं नाव. टँकरवरून पाणी आणायचं काम लहानपणापासून माझं. शिवाय मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. त्यामुळे मी सांगेन ते घरात खरं धरलं जायचं. (मला स्वतःला एवढी खात्री कधीच नसायची.)

कॉलेजच्या सायकल संघात एकच जागा उरली होती. क्रीडा शिक्षक म्हणाले, "जोर लावून चालव आणि सरासरी किती वॅट येतात ते दाखव. ज्याचा आकडा मोठा, त्याला जर्सी."

वॅट दाखवायचे तर पॉवर मीटर हवं. ते पायडलच्या दांड्याला, म्हणजे क्रँकला बसतं, पायाचा जोर मोजतं आणि आकडा हँडलवरच्या छोट्या पडद्यावर दाखवतं. मी जेवताना घाबरत घाबरत विषय काढला.

"अप्पा, सायकलीला मीटर बसवायचंय."

वडिलांचा घास हातातच राहिला. "आजवर फुकट चालत हुती ना? मीटर बसलं की बिल यिल."

"बिल नाही येत. हे पायाचं मीटर असतं."

"पायाला बी मीटर?" आई म्हणाली. "मंग चालायचं बी बंद करावं लागंल."

शेजारचे रिक्षावाले सलीमचाचा दारातूनच म्हणाले, "टेन्शन नक्को लो, अप्पा. मेरे रिक्षे में भी मीटर है. लिया तबसे बंद है."

परवानगी मिळाली, पण निवड अवघड होती. एक प्रकार दोन्ही पायांचा जोर वेगवेगळा मोजणारा. त्यासाठी सगळी क्रँक बदलावी लागणार होती, आणि माझ्या शिकवण्यांच्या कमाईत ते बसत नव्हतं. दुसरा प्रकार फक्त डाव्या दांड्याचा. आपल्या दांड्याएवढ्याच लांबीचा, मिलिमीटरही इकडंतिकडं नको, असा दांडा आणायचा आणि जुना काढून तो लावायचा. मी मोबाइलवर इतकं वाचलं, इतकं वाचलं, की तेवढ्यात दोन विषय सुटले असते. शेवटी घरात जाहीर केलं: डाव्याचं घेतो.

"चांगल्या कामाला डावं कशाला?" आई म्हणाली. "उजवं घे."

"उजवीकडं साखळी असते, आई. तिथला दांडा असा सहज बदलत नाही."

"आन उजव्या पायाचा जोर कोन मोजणार?" अप्पांनी विचारलं.

"डाव्याचा मोजायचा आणि दुप्पट करायचा. मीटर आपोआप करतं."

अप्पा हसायला लागले. इमारतीवर वॉचमन होण्याआधी त्यांनी फुलंब्रीला शेती केली होती. "मंग ही आणेवारीच की रं! आमच्या गावात पिकाचा अंदाज घ्यायला साहेब यायचा, रस्त्याकडंचं विहिरीवाल्याचं हिरवं वावर बघायचा आन सगळ्या गावाचं पीक चांगलं म्हणून लिहून जायचा. आमचं वाळून कोळ झालं तरी दुष्काळ काय जाहीर हुईना."

"अप्पा, हे यंत्र आहे. यंत्र चुकत नाही."

मी कॉलेजातला होतो. विषय संपला.

चाचणीच्या दिवशी दौलताबाद रस्त्यावर मी जीव तोडून सायकल मारली. सरांनी आकडा पाहिला, यंत्र बंद करून चालू केलं आणि मला परत पळवलं. पुन्हा तोच आकडा. बाकीच्या सगळ्यांच्या वर!

"खातोस काय तू?" सरांनी विचारलं.

"ज्वारीची भाकरी, सर."

जर्सी मिळाली! आईनं ती नवीकोरी जर्सी त्याच दिवशी धुतली, तीही टँकरच्या पाण्यानं. आमच्या घरात याहून मोठा सत्कार कुणाचा झाला नव्हता. अप्पांनी फुलंब्रीला कळवलं, आणि शर्यतीला आई-अप्पांसोबत भावकीतली जीपभर माणसं आली.

सपाटीवर मी ठीक होतो. मग घाट लागला. एक पुढं गेला, दुसरा गेला, मग मोजायचं सोडून दिलं. हँडलवरचा आकडा मात्र झकास होता. आकड्याप्रमाणं मी सगळ्यांच्या पुढं होतो, रस्त्याप्रमाणं फक्त मागच्या रुग्णवाहिकेच्या पुढं. वळणावर भावकी उभी होती. त्यातून आवाज आला, "मीटर बंद पडलं का रं?"

शर्यत संपल्यावर सरांनी माझी सायकल स्टँडवर चढवली आणि मला एकेका पायानं पायडल मारायला लावलं. डाव्या पायानं चाक भिंगरीसारखं फिरलं. उजव्यानं ते दोनदा कुरकुरलं आणि थांबलं.

"या पायाला काही लागलंय का?" सरांनी काळजीनं विचारलं.

"नाय हो सर," आई पुढं होऊन म्हणाली. "त्यो पाय तर कॅनवर ठिवायचा असतो."

सरांना काही कळेना. मला मात्र सगळं कळलं. आईच्या मते पाणी उजव्या अंगाला असावं. म्हणून पाणी आणायच्या जुन्या सायकलीला मोठा कॅन कायम उजवीकडं बांधलेला. त्यामुळे उजवं पायडल फिरवायला जागाच राहत नसे. तो पाय कॅनवर टेकवून तोल सांभाळायचा आणि एकट्या डाव्यानं अर्धं अर्धं पायडल मारत घर गाठायचं. शाळेत होतो तेव्हापासून, टँकर येईल त्या दिवशी!

अप्पांनी सरांना समजावलं, "डावा पाय बागायती हाय, सर. उजवा कोरडवाहू. मीटरनं बागायती तेवढं बघितलं."

"मी म्हणलं हुतं, उजवं घे," आई म्हणाली.

सरांनी जर्सी परत मागितली नाही. एवढंच म्हणाले, "ठेव तुझ्याकडं. निवड खरीच होती, फक्त अर्ध्या माणसाची."

तेव्हापासून मी आईची नजर चुकवून कॅन डावीकडं बांधतो. उजवा पाय अजून दुष्काळग्रस्तच आहे. आकड्यात दिसत नाही, एवढंच.