सगळ्याला हो

आमच्या धाकट्या भावाला अख्खा बाजार 'सावकाश' म्हणतो. तोंडावर म्हणतो, आणि तोही त्या नावाला ओ देतो. लहानपणी मीच त्याला कासव म्हणायचे, त्यामुळे बाजाराला बोल लावायला मला तोंड नाही.

दुकान एकच, मधे प्लायवूडची फळी. पुढे माझं शिलाई मशीन, मागे त्याचं टेबल. मी पँटी आखूड करते, चेन बदलते, आणि दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो. तो दिवसाला चार वाक्यं बोलेल तर शपथ. त्याच्याकडे येतात ते डिस्क बिघडलेले कॉम्प्युटर. लोक येतात ते रडकुंडीलाच आलेले असतात. सगळं गेलं हो, म्हणतात. हा चष्मा पुसतो आणि म्हणतो, गेलं नसेल, बघू.

त्याचं काम मला कळलं ते गिऱ्हाइकांना सांगताना ऐकून ऐकून. डिस्क म्हणजे गोदाम. दाराशी एक यादी टांगलेली असते, कोणता माल कोणत्या फळीवर ते सांगणारी. यादी बिघडली की माल आत असूनही सापडत नाही. मग तपासणीचा प्रोग्राम लावायचा. तो यादी आणि फळ्या ताडून बघतो, आणि जिथे जुळत नाही तिथे विचारतो: हे काढू का? हे जोडू का? हो की नाही? माणसाने एकेक प्रश्न वाचून उत्तर द्यायचं.

"प्रोग्राम यादी सरळ करतो, ताई," तो मला एकदा म्हणाला होता. "मालाशी त्याला देणंघेणं नाही."

म्हणून त्याचा एक नियम. मूळ डिस्कला हात लावायचा नाही. आधी तिची आहे तशी, मोडक्या यादीसकट, दुसऱ्या डिस्कवर नक्कल करायची. मूळ कपाटात ठेवायची आणि जी काय चिरफाड करायची ती नकलेवर. नक्कल व्हायला कधी दोन दिवस लागतात, कधी चार. एका फोटोग्राफरने रोज येऊन त्याचं डोकं खाल्लं, शेवटी हात जोडले. हा ढिम्म. सावकाश, एवढंच म्हणाला. चौथ्या दिवशी सगळे फोटो काढून दिले.

आता माझ्या लेकीचं सांगते. एकोणीस वर्षांची होती. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत गेली. त्यावर जास्त बोलणार नाही.

तिला एक नाद होता. अंध मुलांच्या शाळेसाठी ती पाठ्यपुस्तकातले धडे मोठ्याने वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. चाळीस धड्यांचं पुस्तक, एकतीस झाले होते. पुस्तक पुरं झालं की एकदम नेऊन देऊ म्हणायची, म्हणून शाळेकडे एकही धडा नव्हता. ती गेल्यावर त्या एकतीस धड्यांशिवाय तिचा आवाज कुठेच उरला नाही. फोटो ढीगभर आहेत. फोटो काय बोलतात?

मी रोज दुपारी दुकानातून घरी जायचे, जेवायचे आणि एक धडा लावायचे. एकतीस संपले की पुन्हा पहिला. वर्षभर हेच. भावाने मला दहादा तरी सांगितलं असेल, ताई, दे, नक्कल करून ठेवतो. मीच कॉम्प्युटर जागचा हलवू दिला नाही. एक दुपार चुकेल म्हणून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि तो मी केला.

मग एका दुपारी धडा चालू असताना वीज गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवून थांबला. मी तो उचलून दुकानात नेला. भावाने बघितलं आणि म्हणाला, यादी बिघडली आहे, माल असावा. एवढी मोठी रिकामी डिस्क आत्ता माझ्याकडे नाही, उद्या आणतो, नक्कल लावतो, तीनेक दिवस लागतील.

तीन दिवस. कोणी शहाणी बाई असती तर थांबली असती. मी त्या दिवशी एक पँट उलटीच शिवली, उसवली, पुन्हा उलटी शिवली. दुसऱ्या दिवशी रिकामी डिस्क काही मिळाली नाही, दुकानदाराने परवाचा वायदा केला. तेव्हा मी फळीच्या पलीकडे गेले आणि त्याला वाट्टेल ते बोलले. लोकांसाठी तुझे नियम ठीक आहेत, म्हटलं, ही घरची आहे. तो मान हलवत राहिला. मग मी ते बोलले.

"तुझी कोणी असती तर थांबला असतास का?"

त्याला मूलबाळ नाही. लेकीला पहिली सायकल त्याने आणली होती, धडे रेकॉर्ड करायला हेडफोन आणि माइकही त्यानेच दिला होता. त्याने खुर्ची ओढली आणि मूळ डिस्कवरच तपासणी लावली.

प्रश्न येऊ लागले. तो एकेक वाचायचा, विचार करायचा, उत्तर द्यायचा. वीस झाले, चाळीस झाले, संपेचनात. मी मागे उभी. अरे, किती विचारतंय ते, सगळ्याला हो म्हण की एकदाचं, असं मी म्हटलं. त्याचा हात थांबला. तशी सोय आहे, तो म्हणाला, पण मी ती कधी वापरत नाही. मी म्हटलं, आज वापर. त्याने वापरली. भराभर ओळी पळाल्या आणि पाच मिनिटांत शेवटची ओळ आली: डिस्क आता स्वच्छ आहे. मी देवाचे आभार मानले.

धड्यांचा फोल्डर उघडला तर रिकामा. तपासणीत सापडलेले सुटे तुकडे प्रोग्राम जिथे टाकतो ती जागाही रिकामी. भावाच्या कपाळावर घाम आला. आवाज मात्र त्याने खाली ठेवला. प्रोग्रामने धडे यादीतून काढले, पण फळ्यांवरून माल अजून हललेला नाही, म्हणाला. यादीशिवायही शोधता येतो, वेळ लागेल. त्याने कॉम्प्युटर बंद केला.

"ताई, याला आता हात लावू नकोस," म्हणाला आणि डिस्क कुठूनही मिळवायला तसाच चपला घालून धावत गेला. 'सावकाश'ला धावताना बाजाराने पहिल्यांदा बघितलं.

आणि मी बटण दाबलं. का दाबलं? दुसऱ्या कुठल्या फोल्डरात असतील, त्याच्या नजरेतून सुटले असतील, आईला दिसतील, असं काहीतरी मनात होतं. घरी त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं. दुकानात भावाची केबल त्याला जोडलेली होती. सुरू होताच त्याने वर्षभराचे राहिलेले अपडेट खेचायला घेतले. पडद्यावर गोल फिरू लागला आणि खाली लिहून आलं, संगणक बंद करू नका. बंद करू नका असं लिहिलं होतं, म्हणून मी बंद केला नाही. तासभर स्टुलावर बसून गोल बघत राहिले.

भाऊ आला, पडद्याकडे बघितलं आणि जमिनीवर बसला. यादीत ज्या फळ्या मोकळ्या दिसत होत्या, त्यांवरच नवा माल येऊन पडला होता. मला ते त्याने नंतर सांगितलं, दोन दिवसांनी, तेही मी विचारलं म्हणून.

मी म्हटलं, चूक माझी.

"नाही. केबल मी काढायला हवी होती. आणि नाही म्हणायला मला तोंड होतं," तो म्हणाला.

एवढंच. पुढे तो कधी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. पाच महिने त्या डिस्कची नक्कल घेऊन तो मालाचे तुकडे शोधत बसला. आलेली कामं परत पाठवली. आता तो मोबाइलच्या काचा बदलतो, चार्जर विकतो. कोणी डिस्क आणली तर म्हणतो, मला जमत नाही. माणसं विश्वास ठेवत नाहीत, थट्टा समजतात. मी मशीनवर मान खाली घालून बसते.

पाच महिन्यांत त्याला अकरा सेकंद मिळाले. त्याने मला मागे बोलावलं आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. पान उलटल्याचा आवाज आहे, खुर्ची जराशी करकरते. मग ती श्वास घेते, वाचायला सुरुवात करताना घ्यायची तसा, आणि तुकडा संपतो.

मी तो सहा-सात वेळा ऐकला. भावाने विचारलं, ताई, यापुढे काय वाचते गं ती?

वर्षभर रोज दुपारी मी ते धडे ऐकले होते. त्यात काय लिहिलं होतं, त्याकडे माझं कधी लक्षच नव्हतं. मला एक वाक्यही सांगता आलं नाही.