आप्पांनी पाठवलेले पक्षी

धाकूआप्पांसारखा हेकट माणूस आमच्या वाडीत दुसरा नाही. तीस वर्षं राजापूर-रत्नागिरी एसटी चालवली, पण थांबा सोडून कधी कुणाला उतरवलं नाही, सख्ख्या मेहुण्यालासुद्धा. मी संदेश, त्यांचा चुलत पुतण्या. त्यांच्या आणि माझ्या परसाच्या मध्ये जांभ्याचा कमरेएवढा गडगा, एवढंच अंतर.

असा माणूस सत्तरीत पाखरांचे फोटो काढू लागला तो लॉकडाऊनमुळे. काकी कधीच गेलेल्या, एकुलता एक मुलगा सर्वेश आणि सून सानिका डोंबिवलीत अडकलेले. सर्वेशने गणपतीत आणून दिलेला मोबाईल घेऊन आप्पा सकाळी परसात बसत. गडग्यावर भाताची शितं टाकत आणि बुलबुल, दयाळ, सातभाई, जे येईल ते टिपून मुलाला पाठवत. निम्म्या फोटोंत पाखरू उडून गेलेलं असे. सर्वेश त्यावर काहीबाही लिही, आणि आप्पा ते मला मोठ्याने वाचून दाखवत. बापलेक जन्मात एवढं बोलले नव्हते.

दुसऱ्या वर्षी एप्रिलात सर्वेश गेला. चार दिवस ताप, मग ऑक्सिजन, मग काहीच नाही. सानिकाने फोन मला केला. तिला येता येत नव्हतं, आम्हाला जाता येत नव्हतं. माझ्या घरात दोघं पॉझिटिव्ह, म्हणजे मला गडगा ओलांडायचीही बंदी. आप्पांचं हृदय अधू. ती म्हणाली, इतक्यात सांगू नका, फोटोंना मी ह्यांच्या फोनवरून उत्तर देत जाईन. आणि मी गाढव, हो म्हणालो.

पण सुतक कसं लपवायचं? ते सगळ्या भावकीला लागलेलं. मी गडग्याशी जाऊन सांगितलं, मुंबईत भावकीतलं कुणी लांबचं गेलं, देवाला दिवा लावू नका. आप्पांनी नाव विचारलं. काशीरामच्या घराण्यातला कुणीतरी, असं मी ठोकून दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी आप्पा मागल्या दारात बसून देवाचा दिवा घासताना दिसले. शेजारी तेलाची बाटली. माझ्याने राहवेना. पोर गेलेल्या बापाशी खोटं बोललेलं मला चाललं होतं, पण देवाला विटाळ चालत नव्हता. अशी आमची भक्ती. मी ओरडून सांगितलं, अजून सुतक आहे, दहा दिवस दिवा लावायचा नाही. आप्पांचा हात थांबला. मग दिवा तसाच उचलून ते आत गेले. मी काय बोलून बसलो, हे मला तेव्हा कळलंही नाही.

फोटो रोज जात राहिले. उत्तरं येत राहिली.

अकराव्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. गडग्यावर दोन्ही हात टेकून उभे होते.

"लांबच्याचा सुतक तीन दिवसांचा असतो," ते म्हणाले. "धा दिवसांचा घरातल्याचा. माझ्या घरातला एकच होता."

मला रडू फुटलं. ते रडत नव्हते, आणि खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला. कळलं होतं तर फोटो कशाला पाठवत राहिलात, असं मी विचारलं.

"मी थांबलो तर सानिकाला तिच्या तोंडानं सांगावा लागंल. तिचा तरी कोण हाय तिथं? माझा पोर गेला, नि मना रडायची सोय तेवढी ठेवलात नाय तुम्ही."

गडगा कमरेएवढाच होता, आणि मला त्यांच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवता येत नव्हता.

एवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. सर्वेशच्या नंबरावरून उत्तर होतं, 'छान आलाय फोटो, आप्पा. जेवलात का?'

आप्पांनी चष्मा लावला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'जेवलो. तू जेवलास?'

मग ते उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले.