देवराव ढिवराचा भोपळ्यातला दिवा

लिही वं पोरी. कन्हान नदी कुठून निघते, किती लांब हाय, हे त्या कॉम्प्युटरवर लिहून राहिली ना तू? मंग आपल्या खाप्याचे देवराव ढिवर बी लिही. माहे मामाजी, म्हंजे सासरे. नदीत कोणी बुडालं का पार पारशिवनीहून लोकं त्याइले बोलवाले येत.

माणूस काटकुळा, एका कानानं बहिरा, जेवताना एक शब्द नाही. वाळल्या भोपळ्याची वाटी कापत, त्यात तेलाचा दिवा ठेवत अन् जिथं माणूस बुडाला तिथून सोडत. दिवा थांबला का तिथंच बुडी. माणूस हाती लागेच. बदल्यात आंघोळीले बादलीभर गरम पाणी मागत, बस. पण नेम एकच. दिवा पाण्यावर हाय तोवर बुडाल्याचं नाव घ्याचं नाही.

बांगलादेशच्या लढाईच्या पुढच्या साली माहा भाऊ चंद्रभान मले माहेरी न्याले आला. सकाळी आंघोळीले उतरला तो वर आलाच नाही. मले एकच लागलं होतं, मायले त्याचं तोंड तरी दिसलं पायजे.

भर दुपारी मामाजीनं दिवा सोडला. दिवा डोहाच्या मधात जाऊन उभा राहिला. मामाजी कंबरभर पाण्यात गेले. त्या दिवशी नदी मोजणारे एक साहेब काठावर वही घेऊन उभे होते. मले म्हणे, "कोण गेलं, बाई?"

मी पाण्यात उभी, रडून राहिली होती. तोंडातून निंघूनच गेलं, "चंद्रभान."

दिवा हालला. धारेच्या उलटा. सरळ माह्याकडं याले लागला.

"मागं सर वं! हात नोको लावू!" मामाजी वरडले.

साहेब हासले. "वारा असेल, देवराव."

"वारा हाय तं तुमच्या वहीचं पान काहून हालत नाही, साहेब?"

दिवा माह्या पायापाशी येऊन थांबला. तिथं पाणी घोट्याएवढं. खाली निसती रेती. मामाजी गुडघ्यावर बसले, हातानं रेती उकराले लागले. कोपरभर खाली केस लागले.

चंद्रभानच होता वं. फुगला नाही, काही नाही. तोंड उघडं, जसं आत्ताच काही बोलला.

सांजेले माय आली. तिनं त्याचं तोंड पाहिलं, पदरानं पुसलं. माहं मन भरलं.

मामाजीनं मात्र दिवा सोडणं बंद केलं. "बाकीचे मले सापडले," म्हणत, "हा सोताहून आला." मले मंग कधी नदीवर जाऊ दिलं नाही. मरेपर्यंत घरचं पाणी स्वतः आणलं, डोक्यावर गुंड, म्हंजे पितळेची घागर, घेऊन. शेजारची बायजाबाई टोमणे मारे, "काहून गा देवराव, सुनेचं पाणी भरतं का?"

"भरतो," म्हणत. "नदी हिचा आवाज ओळखते आता."