चुन्याखालच्या मुली

सिंधीपुऱ्यात आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. बाबा पावरलूमवर, आई घरी बॉबिनी भरायची, आणि ओट्यावर बसून काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मग फ्लेक्स आलं आणि काकांचे ब्रश सुकत गेले. मी तेव्हा सातवीत. शाळेत मुलींसाठी शौचालय नव्हतं. मधल्या सुट्टीत आम्ही घरी जायचो, त्यातल्या कितीतरी परत यायच्याच नाहीत. माझी मोठी बहीण अशीच एक दिवस कायमची घरी राहिली. पुढचा नंबर माझा होता.

महिन्यापूर्वी काका गेले. तेव्हापासून शाळेची ती भिंत डोळ्यांपुढून हलत नाही...

शौचालयासाठी शिक्षण कचेरीत अर्ज देऊन झाले होते. एका रविवारी काकांनी उरलेल्या ऑइल पेंटनं त्या भिंतीवर मुली काढल्या. पाठमोऱ्या, दप्तर घेऊन फाटकाबाहेर पडणाऱ्या. तोंड एकीचंही दिसत नव्हतं, पण वेण्या, रिबिनी, दप्तरं ओळखीची. येणारे-जाणारे बाप थबकायचे. "अरे, ही तर आपली."

कचेरीतल्या साहेबांना ते खुपलं. भिंतीला चुना मारायचा हुकूम निघाला, आणि काम दिलं काकांनाच. त्यांनी ते घेतलं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "काका, बिक गए तुम्ही." त्यांचा हात थांबला नाही. "बाजूला हो बेटा, कपड्यांवर चुना उडीन." नंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

ऊन तापलं तसा चुना पापुद्र्यांनी सुटू लागला. आधी एक लाल रिबीन, मग दप्तर, मग अख्खी मुलगी. आज कोण आली, ते बघायला लोक सकाळी जमायचे. शेवटी साऱ्या आया कचेरीत जाऊन बसल्या. कधी कोणापुढे तोंड न उघडणारी माझी आई साहेबांना म्हणाली, "किती वेळा पुसाल?"

मुद्दाम केलंत का, असं पुढे एकदा काकांना विचारलं. "काम पाहिजे होतं, घेतलं. चुना खराब निघाला." ते मला कधी पटायचं, कधी नाही. माफी मात्र राहूनच गेली...

परवा काकूनं त्यांचा ब्रशांचा डबा माझ्या हातात ठेवला. तळाशी रंग घासायच्या रेगमालाची, खरखरीत कागदाची गड्डी, वर कचेरीचा शिक्का. चुन्याच्या त्याच कामासाठी मिळालेली. ऑइल पेंट घासल्याशिवाय त्यावर चुना धरत नाही, हे पाट्या रंगवणारा पहिल्याच दिवशी शिकतो. गड्डीची दोरी सुटलेलीच नव्हती.

शाळेत शौचालय झालं. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी झाले.