चौकातली इस्त्री

यागोदा ब्लेचिच आमच्या रियेका बंदरातल्या जहाज कारखान्यात आराखडे काढायची, पण तिचा जीव होता भलत्याच कामात. रंग नाही, कागद नाही. लोकांसमोर स्वतः काहीतरी करायचं आणि त्यालाच कला म्हणायचं. एकदा बंदरावर ती दिवसभर उलट्या पावलांनी चालली. सार्डिन माशांच्या टोपलीत धपकन बसली, उठली, पुन्हा उलटी निघाली. गावाला हसायला निमित्त मिळालं. तिची आई फुमित्सा मात्र आठवडाभर बाजारात फिरकली नाही.

१९७९च्या मे महिन्यात यागोदा चौकातल्या माझ्या कॉफीच्या दुकानात आली. "काका, दिवसभर वीज द्याल? वायर माझी."

"आता काय नवीन?"

"चौकात इस्त्री करणार. येईल त्याच्या कपड्यांना. आईने हॉटेलच्या धुलाईघरात तीस वर्षं इस्त्री केली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. एक दिवस तरी लोकांना बघू दे."

"आईला सांगितलंस?"

"वेड लागलंय का मला?"

शनिवारी सकाळी टेबल लागलं. दहा वाजेपर्यंत निम्मे पुरुष बनियनवर उभे! माझी कॉफी धडाधड खपत होती. तेवढ्यात पोलीस आला.

"परवानगी आहे?"

"इस्त्रीला परवानगी लागते?"

"चौकात लागते."

"साहेब, तुमच्या कोटाची कॉलर पार चुरगळलीय."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप कोट उतरवला.

नेमकी तेव्हाच फुमित्सा भाजीची पिशवी घेऊन आली. "हे काय चाललंय?"

"कला, आई."

"ही कला? मग मी तीस वर्षं काय करत होते?"

लोक खो खो हसले. फुमित्साचं लक्ष मात्र कोटाकडे होतं. "अगं, कॉलर अशी करतात? आधी उलट्या बाजूने, टोकाकडून आत! सरक तिकडे."

पिशवी माझ्या हातात आली, इस्त्री तिच्या. तिचं मनगट असं फिरत होतं की कापडावर ओझं पडलंय असं वाटेना. कॉलर उभी राहिली आणि टाळ्या वाजल्या. कोण मोठं माणूस आलंय म्हणून फुमित्साने मागे वळून पाहिलं.

"तुमच्यासाठीच आहेत, फुमित्साबाई," पोलीस म्हणाला.

यागोदा नंतर मला म्हणाली, "आधी रागच आला, काका. महिनाभर मी ठरवलं आणि हिने एका मिनिटात पळवलं. मग तिचा हात पाहिला आणि मुकाट्याने पाणी शिंपडायला लागले." संध्याकाळपर्यंत तिने तेवढंच केलं.

शरद ऋतूत झाग्रेबच्या एका कलादालनाने दोघींना इस्त्री करून दाखवायला बोलावलं. मीही सोबत गेलो. तिथे एका चष्मेवाल्या विद्वानाने फुमित्साला विचारलं, "यातून तुम्हाला काय सांगायचंय?"

"तुमच्या शर्टाचं एक बटण लोंबतंय," ती म्हणाली.

परतीच्या आगगाडीत मायलेकींची जुंपली. यागोदाला पुढच्या वेळी चादरींच्या घड्या घालून दाखवायच्या होत्या.

"त्याला दोघी लागतात," फुमित्सा म्हणाली. "तू आधी टोक धरायला शीक."

मग कार्लोवात्स स्टेशन येईपर्यंत तिने डब्यातच माझा कोट घेऊन लेकीला टोक धरायला शिकवलं.