धाकटीचे न घासलेले जोड

माझी धाकटी बहीण लोखंडाची शिल्पं करते आणि तिचं नाव झालंय याचा मला त्रास होतो. सरळच सांगतो, आडपडदा कशाला? दुकान मी चालवतो. ग्रिल, गेट, जिने. वेल्डिंग दोघांना बाबांनीच शिकवलं, एकाच टेबलावर. पण पेपरात फोटो हिचा, तोही माझं जुनं चामडी एप्रन घालून!

पहिल्यापासून ती अशीच. बाबा साधा जोड मारायला सांगायचे, तर ही बिजागरीला बिजागरी चिकटवून बगळा करायची. बाबांची परीक्षा एकच. जोडावरून नख फिरवायचं. अडकलं की म्हणायचे, "परत घास." मी घासत राहिलो. आजही माझ्या गेटचा जोड कुणी शोधून दाखवावा. धाकटीनं घासणंच सोडलं. तिचे जोड उघडे, ओबडधोबड आणि लोक त्यालाच कला म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

बाबांना आता फारसं दिसत नाही. परवा तिच्या प्रदर्शनाला मीच त्यांना हौसेनं नेलं. हौस कसली! म्हातारा सगळ्यांदेखत तिला "परत घास" म्हणेल, एवढीच आशा होती.

दालनात मधोमध तिनं केलेली लोखंडी बाई होती. साखळ्या, नट, करवतीची पाती जोडलेली, वाकून हरवलेली चप्पल शोधणारी. बाबांनी तिच्या पाठीवर नख ठेवलं. अडकलं. पुढे सरकवलं, पुन्हा अडकलं. धाकटीचा चेहरा उतरला. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

मग बाबांनी अख्खा तळवा टेकवला आणि मणक्यावरून हळूहळू खाली नेला.

"कंबर दुखतेय हिची," ते म्हणाले.

"हो, बाबा," धाकटी म्हणाली.

मला राहवेना. "जोड बघा ना, बाबा. किती खडबडीत आहेत."

"बघितले."

"मग परत घासायला सांगा की तिला!"

"नको रे. मग कुठे दुखतंय ते कळणार नाही."

मी म्हटलं, चला, दुकान उघडायचंय. त्यांनी हात काढला नाही.

"तू हो पुढे. ही सोडेल मला घरी."

मी एकटाच निघालो. इतक्या वर्षांत नख फिरवून झाल्यावर माझ्या एकाही गेटला त्यांनी पुन्हा हात लावलेला मला आठवत नाही.