तांबूस खडकातली हिरवी शीर

अचलपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी, १९६३ साली बौद्ध वस्तीची पहिली विहीर खोदणं चालू होतं. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. खोदणारा पुंजाजी. पंचवीस वर्षांत त्यानं कितीक विहिरींना पाणी लावलं होतं. दीक्षा घेतल्यापासून सुरुंगाआधी नारळ फोडणं मात्र त्यानं सोडलं होतं.

काळा दगड संपून तांबूस खडक लागला, आणि त्यात हातभर रुंद पांढरी शीर निघाली. तिच्यावरून हिरवे ओघळ उतरले होते. पुंजाजीनं तळवा टेकवला. शीर कोमट होती, गाभण गाईच्या पोटासारखी.

दुसऱ्या दिवशी एकही गडी खाली उतरेना.

“नारळ वाचवला ना?” म्हातारी जाईबाई काठावरून ओरडली. “आता भोग! जमीन जित्ती कापली तुनं.”

“दगडच हाय, माय,” पुंजाजी म्हणाला. पण त्याला स्वतःलाच ते खरं वाटेना. काम इथंच थांबलं, तर वस्तीच्या नशिबी पुन्हा नाल्याचं पाणी होतं.

आठवड्यानं सरकारी भूगर्भ खात्याचे उत्तमराव दगड तपासत त्या बाजूला आले. पुंजाजी त्यांना घेऊन खाली उतरला.

“हे तांबं,” हिरव्या डागावर नख घासत ते म्हणाले. “फार पूर्वी खोलातलं उकळतं पाणी या भेगेतून वर चढलं. निवताना गारगोटी आणि तांबं सोडत गेलं. भेग बुजली, शीर झाली.”

“कवाची भेग, सायेब?”

“तांबूस खडकाला कापते, म्हणजे त्याच्यानंतरची. वरच्या काळ्या दगडापाशी तुटते, म्हणजे त्याच्याआधीची. कडेला अभ्रक आहे. त्यात एक वायू कणाकणानं साचत, कोंडून राहतो. तो मोजला की वर्षं कळतात. कोट्यवधी निघतील.”

“म्हंजे म्या नाई फोडली?”

“माणूसच नव्हता तेव्हा.”

पुंजाजीचे खांदे सैल पडले. “मंग अजून गरम कावून हाय?”

उत्तमरावांनी हात टेकवला आणि चटकन काढून घेतला.

“खाली कुठं ऊन पाणी असेल अजून,” ते पुटपुटले. “वाट जुनीच, शिरेच्या कडेकडेनं.”

दुसऱ्या सकाळी पुंजाजी एकटाच उतरला. शिरेच्या कडेला त्यानं पहार घातली. आतून कुणी हुंकार भरावा तसा आवाज आला आणि पाणी फुटलं, वाफाळतं. काठावर वाकलेली सारी वस्ती मागं सरली.

“दोर धर, वर ये!” कुणीतरी ओरडलं.

“आधी बादली सोडा.”

भरलेली बादली वर गेली. कुणी हात लावेना. मग जाईबाईनंच पदर खोचला, बादली सावलीत नेऊन ठेवली आणि पाणी निवायची वाट पाहत शेजारी बसली.